तबेल्यात मालकच घोड्याचे हाल करताना दिसला तर: पहिल्या मिनिटापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत

पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात माझी मुलगी घोडेस्वारी शिकायची. एका रविवारी आम्ही अर्धा तास लवकर पोचलो आणि मालक एका कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीच्या तोंडावर रबरी पाइपने मारताना दिसला. घोडी आगाडी-पछाडीने, म्हणजे पुढून आणि मागून दोरांनी, बांधलेली. तिला मागे सरायलाही जागा नव्हती. मी धावत गेले, ओरडले, तोंडाला येईल ते बोलले, मोबाइल काढून चित्रीकरण केलं आणि संध्याकाळी ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला फाटकातून आत घेतलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की घोडी विकली. कुणाला, कुठे, कुणीच सांगेना. माझ्याकडे बावीस सेकंदांचा व्हिडिओ होता, पण त्यातली घोडी कुठे आहे ते माहीत नव्हतं.

त्यानंतर मी पशुवैद्यांशी, नालबंदांशी, घोड्यांची निगा राखणाऱ्या साईसांशी आणि वकिलांशी बोलत गेले, कायदा वाचला, आणखी दोन प्रकरणांत शेवटपर्यंत राहिले. त्यातून हा लेख लिहिते आहे. एक गोष्ट मनात पक्की धरून पुढचं वाचा: तुम्ही घरी गेल्यावर घोडा रात्रभर त्याच माणसाच्या हातात असतो. म्हणून काहीही बोलण्याआधी किंवा करण्याआधी, याचा परिणाम आज रात्री त्या जनावरावर काय होईल, एवढा एक विचार करायचा.

मारहाण डोळ्यांसमोर चालू असेल तर

उद्देश एकच, हात थांबला पाहिजे. अपमान केला तर मालक चिडतो आणि तो राग घोड्यावर निघतो. त्यापेक्षा मोठ्याने, साध्या आवाजात हाक मारा. "शेठ, जरा इकडे येता का? फी द्यायची होती." किंवा "मालक, याचा नाल ढिला वाटतोय, बघता का?" कामाचं काहीतरी विचारलं की माणूस वळतो. त्याला दिसेल अशा जागी उभं राहा आणि तिथून हलू नका. कुणीतरी बघत आहे एवढ्यानेही बऱ्याच वेळा हात खाली येतो.

घोड्याच्या मागे जाऊ नका, दोर सोडायला धावू नका. घाबरलेला घोडा दुगाण्या झाडतो आणि तुम्ही त्याच्या बाजूने आहात हे त्याला कळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी बाहेर न्या. एखाद्या दांडग्या घोड्याला आवरण्यासाठी दिलेला एक फटका आणि बांधलेल्या घोड्यावर काढलेला राग यांतला फरक पाहणाऱ्याला कळतो. दुसरा प्रकार थांबत नसेल, रक्त येत असेल, घोडा खाली पडला असेल किंवा तुम्हालाच धमकी मिळत असेल, तर ११२ ला फोन करा. तबेल्याचं नाव आणि जवळची खूण सांगा. पत्ता नीट सांगता आला नाही की गाडी तासभर फिरत राहते.

मोबाइल समोरासमोर तोंडावर धरू नका. जिथे तुम्हाला रीतसर प्रवेश आहे, म्हणजे रिंगणाजवळ, बसायच्या जागी, रस्त्यावर, तिथून शांतपणे चित्रीकरण करता आलं तर करा. रात्री कुंपणावरून उडी मारून काढलेले फोटो तुमच्यावरच घुसखोरीची केस आणू शकतात, आणि मग चर्चा घोड्याची न होता तुमची होते.

डोळ्यांना दिसतं ते आणि खरं असतं ते

घाईने आरोप करण्याआधी हे समजून घ्या, कारण चुकीची तक्रार केली की पुढची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही. नाल तापवून खुराला लावतात तेव्हा धूर निघतो, वास सुटतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण खुराचं ते आवरण आपल्या नखासारखं असतं, घोड्याला दुखत नाही. पछाडी म्हणजे मागच्या पायाला दोर बांधणं ही आपल्याकडची जुनी पद्धत. दोर रुंद, मऊ आणि पुरेसा लांब असेल, घोट्यावर घासल्याची जखम नसेल, आणि घोडा दिवसातून मोकळा सोडला जात असेल, तर त्याला लगेच छळ म्हणू नये. पंचविशीतला म्हातारा घोडा नीट खाऊनही बारीक दिसू शकतो. शर्यतीच्या घोड्याच्या फासळ्या पुसटशा दिसतात.

उलट, सजवलेला, रेशमी झूल घातलेला, अगदी गरीब वाटणारा घोडा खूप दुखणं सोसत असू शकतो. लग्नाच्या वरातीतली घोडी याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ती डीजेसमोर शांत उभी राहते म्हणून लोक कौतुक करतात. तिच्या तोंडात काय आहे ते कुणी बघत नाही.

आणि एक. हात वर केला की दचकणाऱ्या घोड्याला याच मालकाने मारलं असेल असं नाही. घोडा विकत-विकत फिरतो, आधीच्या मालकाची भीतीही सोबत घेऊन येतो. म्हणून भीतीला पुरावा समजू नका, खूण समजा. एकाच माणसाच्या चाहुलीने तो आक्रसतो आणि दुसऱ्याजवळ सैल राहतो, असं चार-पाच वेळा दिसलं तर मात्र ते लिहून ठेवा.

अश्वपरीक्षा, सामान्य माणसासाठी

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे. पोलीस आणि पशुवैद्य तुमचा संताप विचारत नाहीत, तुम्ही काय पाहिलंत ते विचारतात.

तोंडापासून सुरुवात करा. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी सळई तिथे बसते. तिथे हाडावर जेमतेम हिरडीची कातडी असते, म्हणून हलकासा ओढाही घोड्याला पोचतो. आपल्याकडे, विशेषतः नाचवायच्या आणि वरातीच्या घोड्यांना, काटेरी लगाम घालतात. त्या सळईवर टोकं किंवा दाते असतात. ओठांचे कोपरे फाटलेले, तिथे जुने कठीण वण, फेसात गुलाबी रंग, जिभेवर चीर, यांतलं काहीही दिसलं तर तो लगाम तपासायलाच हवा. असे काटेरी लगाम आणि टोकदार काठ्या वापरायला ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत साफ मनाई आहे. त्यात स्वारीचाही उल्लेख आहे.

मग पाठ. मानेवरची आयाळ जिथे संपते तिथला उंचवटा बघा. खोगिराची कमान तिथे टेकता कामा नये, मध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. हेही त्याच १९६५ च्या नियमांत लिहिलेलं आहे. आजूबाजूला केस गेलेले चट्टे, ओली जखम, सूज असेल तर त्या घोड्यावर जीन घालणंच चूक. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते जन्मखुणा असतीलच असं नाही. खोगीर दाबून कातडीतला रंग मेला की तिथे केस पांढरे उगवतात. ती जुन्या जखमेची नोंद असते, आणि मालकाला ती पुसता येत नाही. पोटाखाली तंग (खोगिराचा पट्टा) जिथे आवळतात तिथेही हात फिरवून बघा.

अंगकाठीसाठी १ ते ९ अशी एक मोजपट्टी जगभर वापरतात. टेक्सासमध्ये १९८३ साली डॉन हेनेक यांनी ती मांडली. तुम्हाला आकडा देण्याची गरज नाही. फासळ्या डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, ती चांगली अवस्था. फासळ्या लांबूनच मोजता येतात, पाठीचा कणा धारेसारखा वर आलाय, कमरेची हाडं टोचतील अशी दिसतात आणि मान पातळ झाली आहे, ती उपासमार किंवा आजार. दोन्हींत उपचार लागतो.

पाय आणि खूर. दर चार ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. नालाच्या बाहेर वाढलेला खूर, उभ्या चिरा, वाकडी वाढ, तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला येणारी कुजकट दुर्गंधी, ही दुर्लक्षाची लक्षणं. घोडा दुडकीत, म्हणजे हळू धावत, असताना डोकं बघा. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकला की डोकं झटकन वर जातं. पुढचे दोन्ही पाय समोर ताणून मागे कललेला उभा असेल तर खुरांच्या आत तीव्र दाह असू शकतो. त्याला एक पाऊलही चालवू नये आणि पशुवैद्य त्याच दिवशी यायला हवा. लंगडेपणावर तापलेल्या सळईने डाग द्यायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. पायावर ओळीने भाजल्याचे वण दिसले तर तेही टिपून ठेवा.

चेहरा. दुखणाऱ्या घोड्याचे कान ताठ होऊन मागे झुकतात, डोळ्याभोवतीचा भाग आक्रसतो, जबड्याचे स्नायू ताठ उभे राहतात, नाकपुड्या ताणल्या जातात, हनुवटी कडक होते. हे सगळं घोडा मोकळा उभा असताना, काम नसताना दिसलं तर जास्त महत्त्वाचं.

पाणी आणि चारा तर कुणालाही तपासता येतो. विश्रांतीतला घोडाही दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, उन्हात काम केलं तर त्याहून बरंच जास्त. बादली कोरडी आहे का, हिरवी पडली आहे का, त्याचं तोंड तिथवर पोचतं का? कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के लागतो, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला साधारण पाच ते सात किलो. नुसती चंदी (धान्याचा खुराक) घालून चारा तोडणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, म्हणून तो तासन्‌तास उपाशी राहिला की पोटात व्रण पडतात. त्याला उलटीही होत नाही. घोडा जमीन खुरडतोय, वळून पोटाकडे बघतोय, घामाने भिजलाय, लोळतोय आणि लीद पडलेली नाही, तर तो पोटशूळ. तिथे तक्रार, भांडण सगळं बाजूला ठेवून आधी पशुवैद्य.

विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप साधारण ३७.५ ते ३८.५ अंश. श्वास तर दुरून बरगड्यांमागची हालचाल बघूनही मोजता येतो. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा, पण ते मालकाच्या किंवा साईसाच्या परवानगीनेच करा. नाकातून दाट चिकट स्राव आणि अंगावर गाठी-फोड असतील तर हात लावू नका. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो आणि तो सरकारला कळवणं २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने बंधनकारक आहे.

ओझं आणि तास

माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून सामानही घोड्यांच्या पाठीवरून वर जातं. १९६५ च्या नियमांत तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो, खेचरावर २०० आणि गाढवावर ५० किलो ओझं सांगितलं आहे. गॅसचा भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोचा. दोन चालतील, चार नाहीत. सिमेंटची पन्नास किलोची दोन पोती म्हणजे मर्यादा मोडलीच. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नको, आणि ३७ अंशांहून जास्त तापमान असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नको, असंही त्यातच आहे. विदर्भ-मराठवाड्यात भर उन्हाळ्यात दुपारी जुंपलेलं जनावर दिसलं तर हा नियम आठवा. स्वारासाठी मात्र जगभर वापरला जाणारा अंदाज असा की खोगिरासकट वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. तीनशे किलोच्या तट्टावर नव्वद किलोचा पर्यटक बसू बघत असेल तर त्याच्याशी नम्रपणे बोला. अश्वपालाला "नाही" म्हणणं परवडत नाही, गिऱ्हाईकाला परवडतं.

नोंदवही

एका दिवसाच्या व्हिडिओपेक्षा तीन आठवड्यांची वही जास्त कामाची ठरते. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, घोड्याचं वर्णन (रंग, कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, परवान्याचा किंवा बिल्ल्याचा क्रमांक), काय पाहिलंत, कोण हजर होतं, हवा कशी होती. "क्रूरपणे मारलं" असं लिहू नका. "सकाळी ७:१०, काळ्या पाइपने मानेवर व तोंडावर सहा-सात फटके, घोडी दोन्ही बाजूंनी बांधलेली, नाकातून रक्त" असं लिहा. फोटो काढताना आधी पूर्ण घोडा, मग जखम, मग मोजमाप कळावं म्हणून जखमेशेजारी नाणं किंवा पेन ठेवून. दर आठवड्याला त्याच कोनातून काढलात तर सुधारणा किंवा घसरण आपोआप दिसते.

मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका आणि कात्री लावू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दबतो आणि त्यातली वेळेची माहिती जाते. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून मूळ मोबाइल आणि मूळ फाइल हातात असलेलं बरं.

समाजमाध्यमांवर टाकायचा मोह आवरा. माझी घोडी अशीच गेली. बदनामीचा दावा होईल तो वेगळाच, पण त्याआधी मालक पुरावा हलवतो, आणि इथे पुरावा म्हणजे जिवंत जनावर.

साईस

तबेल्यात सगळं कुणाला माहीत असतं? खरारा करणाऱ्याला. रात्री घोडा लोळतोय का, चंदी अर्धी कोण करतं, कुठला लगाम कधी घालतात, हे साईस किंवा मोतद्दार सांगेल. पण त्याची नोकरी, खोली, कधी कधी मुलाची शाळासुद्धा मालकाच्या हातात असते. त्याला सगळ्यांसमोर काही विचारू नका. "चाचा, लाल्या आज जेवला का नीट?" एवढंच विचारा आणि ऐका. त्याचं नाव तुमच्या तक्रारीत त्याच्या संमतीशिवाय घालू नका. त्याचा आवाज रेकॉर्ड करू नका. माझ्या दुसऱ्या प्रकरणात ज्या चाचांनी मला जुन्या काटेरी लगामाची पेटी कुठे ठेवतात ते सांगितलं, त्यांचं नाव आजही कुणाला माहीत नाही. ते तसंच राहील.

मारणारा हात कधी साईसाचाही असतो. तेव्हा मालकाला सांगणं हा पहिला आणि बऱ्याचदा पुरेसा उपाय आहे.

मालकाशी बोलायचं की नाही

माझ्या मते, जीव धोक्यात नसेल तर एकदा बोलावं. हाल होण्यामागे राग असतो, तसं अज्ञान असतं आणि पैशाची ओढाताणही असते. पावसाळ्यात पर्यटक नसतात, वरात नसते, पण घोडा रोज खातोच. ज्याला पशुवैद्य परवडत नाही त्याला आधी पशुवैद्य मिळवून द्या.

एकटे असताना, घोडा पाण्यावर किंवा चाऱ्यावर असताना बोला. "काका, पाठीवरची जखम आठ दिवस झाले बघते आहे. सरकारी दवाखान्यातून डॉक्टर बोलवू का? मी थांबते बरोबर." यात आरोप नाही, पण तुम्ही आठ दिवस बघत आहात हे त्याला कळतं. एक नेमकी मागणी करा: जखम भरेपर्यंत जीन नाही, किंवा लगाम बदलायचा. "नीट सांभाळा" या शब्दांना काही अर्थ नसतो, कारण नंतर तपासता येत नाही. मुदत ठरवा आणि ती वहीत लिहा.

पण मी स्वतः पाहिलेली ती पाइपची मारहाण, मुद्दाम उपासमार, पुरावा लपवण्याची शक्यता, दारू पिऊन केलेली हिंसा, असं काही असेल तर बोलू नका. सरळ तक्रार करा.

आणि घोडा विकत घेऊन सोडवायचा विचार आला तर थांबा. त्या पैशात तो दुसरा घोडा आणतो, आणि तुमच्याकडे पुढची वीस वर्षं खाणारं एक जनावर येतं. मी हे करून पस्तावलेली माणसं पाहिली आहेत.

पशुवैद्य

महाराष्ट्रात १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, जुने मुंबईकर त्याला अजून बैल-घोडा हॉस्पिटल म्हणतात. सांगली, सोलापूरकडे ॲनिमल राहत ही संस्था कष्टकरी जनावरांसाठी काम करते. पशुवैद्याला उपचारासोबत लेखी नोंद मागा: जखमेचं माप, अंदाजे वय, कारणाबद्दलचं मत आणि "हे जनावर कामास अयोग्य" असं असेल तर तेवढं स्पष्ट वाक्य. पुढे पोलीस स्टेशनमध्ये हा कागद तुमच्या दहा पानी निवेदनापेक्षा जड पडतो.

तक्रार

मुख्य कायदा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यातलं कलम ३ मालकावर काळजीची जबाबदारी टाकतं. कलम ११(१) मध्ये छळाचे प्रकार आहेत. तक्रारीत नेमकं उपकलम लिहा: (अ) मारणं, लाथा घालणं, बेसुमार पळवणं, जास्त ओझं लादणं, (ब) आजारी, जखमी, म्हाताऱ्या जनावराला कामाला लावणं, (फ) आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, (ह) मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. इंग्रजीत ही (ए), (बी), (एफ), (एच) अशी येतात, पोलीस स्टेशनला तीच सांगा.

शिक्षा ऐकून वाईट वाटेल. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडे १९६० सालातच अडकलेत. तरीही तक्रार करायची, कारण या कायद्यातली खरी ताकद दंडात नाही. कलम ३४ खाली कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस, म्हणजे हेड कॉन्स्टेबलपासून पुढे, संशयावरून जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो. कलम ३५ खाली ते उपचारासाठी पांजरपोळात किंवा रुग्णालयात ठेवता येतं. कलम २९ खाली दोषी मालकाकडून घोडा काढून घेता येतो.

मारहाण, उपासमार यांसारखे कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे ठाण्यात "एनसी घेतो", म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करतो, असं सांगतील. ते खोटं नसतं, पण तेवढ्यावर निघू नका. एनसीची प्रत घ्या, आणि कलम ३४ खाली जनावराची तपासणी करा अशी लेखी विनंती द्या. ही विनंती एनसीपेक्षा महत्त्वाची. घोडा मेला असेल, त्याला विष दिलं असेल, कायमचा लुळा किंवा निकामी केला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. "माझाच घोडा आहे, माझी मर्जी" हे उत्तर तिथे आपोआप चालत नाही. आगळिकीची (मुद्दाम नुकसान करण्याच्या गुन्ह्याची) व्याख्या स्वतःच्या मालमत्तेलाही लागू होऊ शकते. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेसाठी जुन्या दंड संहितेची ४२८, ४२९ ही कलमं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११९ ही जनावरांशी क्रूरतेचंच आहे, तेही लिहून द्या.

मुदत लक्षात ठेवा. १९६० च्या कायद्याखालची कारवाई घटनेपासून तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावी लागते. "बघू, सुधारतोय का" म्हणत चार महिने गेले की ती घटना हातातून गेली.

पोलिसांसोबतच जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना प्रत द्या. माथेरानसारख्या ठिकाणी नगरपरिषदेलाही द्या. घोड्याचा परवाना जाण्याची भीती पन्नास रुपयांच्या दंडापेक्षा कितीतरी मोठी. परवान्याची बाजू किती परिणाम करते ते मुंबईच्या व्हिक्टोरियांच्या, म्हणजे घोडागाड्यांच्या, प्रकरणात दिसलं. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं.

अर्ज एका पानात बसवा. साधारण असा:

"मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस. विषय: घोड्यास क्रूर वागणूक व कलम ३४ अन्वये तपासणीची विनंती. मी (नाव, पत्ता, फोन) अमुक तबेल्यात मुलीच्या घोडेस्वारीच्या वर्गासाठी जाते. दि. … रोजी सकाळी … वाजता तबेल्याच्या मालकाने कुमैत रंगाच्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या घोडीस रबरी पाइपने तोंडावर सहा-सात फटके मारताना मी पाहिले. घोडी दोन्ही बाजूंनी बांधलेली होती. दि. … व … रोजी पाठीवर उघडी जखम असताना तिच्यावर जीन घालून काम घेतले गेले. फोटो, व्हिडिओ व पशुवैद्यकीय नोंद सोबत जोडली आहे. घोडी अन्यत्र हलवली जाण्याची शक्यता असल्याने शासकीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तातडीने तपासणी व्हावी व गरज पडल्यास ती ताब्यात घेऊन उपचारास पाठवावी, ही विनंती."

पोचपावतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.

घोडा ताब्यात घेतल्यावर

तक्रार देण्याआधीच एक प्रश्न सोडवून ठेवा: घोडा ठेवणार कुठे? ठाण्यात घोडा बांधता येत नाही, आणि जागा नाही या एका कारणाने जप्ती टळताना मी पाहिली आहे. जवळचा पांजरपोळ किंवा संस्था घोडा घेते का (गाई घेणारे सगळे घोडा घेत नाहीत), चारचाकी वाहतूक कोण देईल, पहिल्या पंधरा दिवसांचा चारा कोण देईल, हे विचारून ठेवा आणि ती संस्था तयार आहे असं अर्जासोबत लेखी द्या.

जप्त जनावरांच्या देखभालीसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार खटला चालू असताना सांभाळाचा खर्च मालकाकडून घेता येतो. मालक कोर्टात "माझा घोडा परत द्या" असा अर्ज करतोच. त्या तारखेला संस्थेचा माणूस, पशुवैद्याचा अहवाल आणि खर्चाच्या पावत्या हजर हव्यात. कुणीच आलं नाही तर घोडा परत जातो. म्हणून तारीख स्वतः विचारून घ्या, कळवतील याची वाट बघू नका.

जप्ती झाली नाही, फक्त समज देऊन सोडलं, असं जास्त वेळा घडतं. तेव्हा तबेला सोडून जाऊ नका. राग येतो, फी देणं नको वाटतं, तरी काही आठवडे जात राहा, कारण आत जाण्याचा तुमचा हक्क त्या फीवरच आहे. मुलाला विचारा, त्याला नको असेल तर एकटे जा. माझ्या दुसऱ्या प्रकरणात समज दिल्यानंतर मी अकरा मंगळवार गेले. काटेरी लगाम गेला होता, साधा आला होता. ओठाच्या कोपऱ्यातली चीर पाचव्या मंगळवारी मिटली. सातव्या मंगळवारी पाठीवर परत ओलसर चट्टा दिसला. मी मालकाला काही बोलले नाही, त्याच दिवशी पशुवैद्यांना फोन केला, आणि जुन्या पोचपावतीचा क्रमांक घालून ठाण्यात दुसरा अर्ज दिला.